हाक अम्माची, माळ आपाची

आमच्या घरात हिरव्या रंगाची एक लोखंडी पेटी होती आणि तिच्यातल्या माळा बाहेर काढायला सक्त मनाई होती. आम्ही मणियार. अब्बा खापर गावच्या बाजारात बसून बायांच्या हातात बांगड्या भरायचे, आणि घरी अम्मा डोंगरातल्या बायांसाठी मण्यांच्या माळा करायची. प्रत्येक गावाची माळ वेगळी, कधी कधी तर एकाच गावातल्या दोन पाड्यांची वेगळी. कुठे दोन लालांवर एक काळा, कुठे पिवळ्याच्या शेजारी निळा आला तर बाई माळ हातातसुद्धा धरायची नाही. ह्या सगळ्या माळांचे नमुने पेटीत होते, माझ्या दादीच्या हातचे. फार पूर्वी म्हणे एक नमुना कामासाठी बाहेर काढला, ओढाताणीत तो तुटला, मणी पार चुलीपर्यंत घरंगळले आणि त्या पाड्याची माळ आमच्या घराला कायमची विसरून गेली. तेव्हापासून नमुना पेटीतच. अम्मा पेटीचं झाकण अर्धं उघडायची, आत मान घालून रंग बघायची आणि एकेक रंग मोठ्यानं पुकारायची. ओवायला माझी मोठी बहीण जमिला, म्हणजे आमची आपा. वाट्यांमधले मणी वेचून तिच्या हातात द्यायला मी. अशा तिघी मिळून एक माळ व्हायची.

कुठलीही माळ असो, पहिला मणी पांढरा. अम्मा "बिस्मिल्ला" म्हणाली की मी न विचारता पांढरा मणी पुढं करायचे. मग तिचा आवाज सुरू व्हायचा. "लाल, लाल, काया. लाल, लाल, काया. पिवया, लाल, काया." आमच्याकडे बोलताना ळ टिकत नाही, काळ्याचा काया होतो आणि पिवळ्याचा पिवया. तीन रंग पुकारायचे, दम घ्यायचा, पुढचे तीन. मधेच चुलीवर भाकर करपल्याचा वास आला तरी तिचे तीन पुरे झाल्याशिवाय ती उठायची नाही. शेवटी "गाठ" म्हणाली की आपा दोऱ्याला गाठ मारून तो दातानं तोडायची. ह्या सगळ्यात आपा वर बघायची नाही. माळ कशी दिसणार, कुणाच्या गळ्यात जाणार, ह्याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. हाक आली, मणी आला, सुई गेली. मी मात्र मधेच मणी नाकाला लावून बघायचे, मग अम्मा झाकणाआडूनच ओरडायची. तिला कसं कळायचं ते अजून मला कळलेलं नाही.

एकदा काठी गावाकडची एक बाई माळ परत घेऊन आली. तिनं माळ उंबऱ्यावर ठेवली आणि एका मण्यावर बोट टेकवलं. काळ्याच्या जागी निळा गेला होता. आमच्या बाजूनं बघाल तर एवढ्या लांब माळेत एक मणी, पण ती बाई म्हणाली, ही आमची माळ नाही, ही घालून मी होळीला गेले तर लोक विचारतील तू कुठली. अब्बा आपावर चिडले. अम्मानं पेटी उघडली, नमुना बघितला आणि शांतपणे म्हणाली, "तिले नका बोलू. तिनी बरोबर ओवं. हाकमाच चूक व्हयनी." त्या दिवसापासून घरात काही बिघडलं, दूध नासलं, कुलूप उघडं राहिलं, की पहिला प्रश्न तोच व्हायचा. कोण चुकलं, हाक देणारी की ओवणारी? आम्ही हसायचो. अब्बा एकटे हसायचे नाहीत, कारण बहुतेक वेळा कुलूप त्यांच्याकडूनच उघडं राहिलेलं असायचं.

होळीच्या आधीचा महिना आमच्या घराचा खरा हंगाम. डोंगरातून बाया थव्यानं उतरायच्या, अंगण भरून जायचं, आणि त्यांची भाषा, आमची अहिराणी आणि अब्बांची तोडकीमोडकी गुजराती अशी एकच गर्दी उसळायची. स्वयंपाकाला वेळ नसायचा. बाजरीची भाकर, लाल मिरचीचा ठेचा, आणि बाजाराच्या दिवशी अब्बांनी आणलेल्या सुक्या बोंबलाचं कालवण. हात धुतल्याशिवाय मण्यांना शिवायचं नाही हा अम्माचा दंडक, कारण ठेच्याचा हात पांढऱ्या मण्याला लागला की मणी गुलाबी दिसतो आणि बाई भाव पाडते. आजही ठेचा खाल्ला की मी दोनदा हात धुते. घरात एकही मणी नाही, मी शहाद्याला दोन खोल्यांत एकटी राहते, तरी.

आपाचं दुखणं आम्हाला पुष्कळ दिवस दुखणंच वाटलं नाही. थंडी पडली की तिच्या हाताची बोटं सुजायची, मग पायाची हाडं, मग कंबर. डोळे पिवळे पडायचे. अम्मा तेल कोमट करून चोळायची, आपा उशीत तोंड खुपसून रडायची, आणि चार दिवसांनी उठून पुन्हा सुई हातात घ्यायची. लोक वात म्हणायचे. मग एका वर्षी सरकारी दवाखान्यात शहरातून रक्त तपासणारी माणसं आली. ती आली होती डोंगरातल्या लोकांसाठी. आपा त्या दिवशी ताप म्हणून तिथं नेलेली, आणि एका तरुण डॉक्टरीणबाईंनी तिचे डोळे बघून तिचंही रक्त घेतलं. सिकलसेल निघाला. अब्बांचा विश्वासच बसेना. "हाऊ तं डोंगरमाना लोकेसना आजार शे. आमना घरमा कोठून उना?" असं ते त्या बाईंनाच विचारत राहिले, जणू बाईंनीच तो आणून सोडला होता. बाई चिडल्या नाहीत. रक्ताला कुणाचं घर कळत नाही, एवढंच म्हणाल्या. औषध फारसं नाही, रोज एक गोळी, थंडी लागू द्यायची नाही, अंगमेहनत जपून, आणि सगळ्यात मोठं म्हणजे पाणी. पाणी पाजत राहा, तहान नसली तरी पाजा.

त्या दिवसापासून आपाच्या उशाशी तांब्या आला. पितळी, पोटावर पोचा पडलेला. अम्मा माळेच्या मधेसुद्धा थांबायची, तीन रंग झाले की विचारायची, "पानी पिधं का वं?" आपा कंटाळून घोट घ्यायची. अम्मा त्या तांब्याच्या पाण्याचा रात्रंदिवस हिशेब ठेवायची, आणि मला वाटतं आपा पुढे इतकी वर्षं जगली ती गोळीपेक्षा त्या तांब्यावर. मुद्दाम सांगते. पुढचं वाचताना कुणी माझ्या आईला अडाणी म्हणून सोडून देऊ नये.

मी शिकले ते अब्बांच्या हट्टानं. बारावीनंतर त्यांनी मला लोणखेड्याच्या कॉलेजात घातलं आणि शहाद्याला अम्माच्या भावाकडे ठेवलं. बायॉलॉजीचे आमचे सर लोणखेड्याचेच, शेतकऱ्याच्या घरातले. पहाटे केळीला पाणी लावून सायकलवर यायचे आणि चपलांना चिखल असायचा. वर्गात कडक मराठी बोलायचे, रागावले की अहिराणीत घसरायचे. एके दिवशी ते पेशीत प्रथिन कसं तयार होतं ते सांगत होते. पेशीच्या मध्यभागी केंद्रक, त्यात डीएनए. चार अक्षरांत लिहिलेला मजकूर. हा मजकूर केंद्रकाबाहेर कधी येत नाही. त्याची एक नक्कल निघते, तिला आरएनए म्हणतात, ती बाहेर येते. बाहेर रायबोझोम बसलेला असतो. तो त्या नकलेतली अक्षरं तीन-तीन करून वाचतो, आणि दर तीन अक्षरांना एक अमिनो आम्ल कुणीतरी उचलून आणून देतं, ते तो आधीच्याला जोडतो. सुरुवातीची तीन अक्षरं ठरलेली, त्यांचं अमिनो आम्लही ठरलेलं. शेवटची तीन अक्षरं आली की थांबायचं. ती साखळी म्हणजे प्रथिन.

मला हसू फुटलं. सरांनी खडू खाली ठेवला. "काय झालं हसायला?" मी उभी राहिले आणि म्हणाले, सर, हे आमच्या घरी चालतं. वर्ग खदखदला. सर म्हणाले, सांग. मग मी पेटी सांगितली, झाकण सांगितलं, अम्माची हाक, आपाची सुई, माझ्या वाट्या, बिस्मिल्लाचा पांढरा मणी आणि गाठ. सरांनी फळ्यावर डीएनएच्या खाली कंसात "पेटी" लिहिलं, रायबोझोमखाली "आपा" लिहिलं. मग म्हणाले, "फरक एवढाच की तुझी आई एका शब्दाला एक मणी मागते. इथं तीन अक्षरं मिळून एक मणी. चार अक्षरांचे तिनाचे गट होतात चौसष्ट, आणि मणी फक्त वीस. म्हणून एकाच मण्याला कधी दोन, कधी चार, कधी सहा हाका असतात. नावं वेगळी, माणूस तोच." मी पुढं आयुष्यभर हा धडा असाच शिकवला, पेटी आणि सुई घेऊन. फक्त रायबोझोमखाली आपाचं नाव मला कधी लिहिता आलं नाही.

त्याच्या पुढच्या तासाला सरांनी चूक शिकवली. मजकुरात एखादं अक्षर बदललं तर काय होतं? कित्येकदा काहीच होत नाही, कारण दुसऱ्या हाकेलाही तोच मणी येतो. पण कधी कधी भलताच येतो. उदाहरण म्हणून त्यांनी रक्तातलं हिमोग्लोबिन घेतलं. त्यातली एक साखळी, एकशे सेहेचाळीस मण्यांची. सहाव्या मण्याची अक्षरं जी-ए-जी. तिथं मधल्या ए-च्या जागी टी आला की ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन ओवलं जातं. "मूळचा मणी पाण्यात सुखानं राहणारा," सर म्हणाले, "त्याच्या जागी आलेला हा पाण्यापासून अंग चोरणारा. तो आडोसा शोधतो आणि शेजारच्या साखळीला चिकटतो. ऑक्सिजन कमी पडला, अंगातलं पाणी कमी झालं, की अशा साखळ्या एकमेकींना धरून दोरखंड होतात. तांबडी पेशी वाकडी होते, विळ्यासारखी, आणि बारीक नळीत अडकते. पुढं रक्त जात नाही. तिथं दुखतं." मग खडू झटकत ते म्हणाले, "लांब कशाला जायचं, आपल्या जिल्ह्यात हा आजार आहे. सिकलसेल."

फळ्यावर त्यांनी विळ्याच्या आकाराची पेशी काढली होती. मी वहीत ती काढली नाही. मला उशीत तोंड खुपसलेली आपा दिसत होती, आणि तेल चोळणारी अम्मा, आणि पहिल्यांदाच मला कळलं की तो पोचा पडलेला तांब्या नक्की कशाशी लढत होता.

सुट्टीत घरी गेले तेव्हा मी दोघींना हे सगळं सांगितलं. माळ ओवता ओवताच सांगितलं, म्हणजे बोटं दाखवता आली. आपा पहिल्यांदा सुई थांबवून ऐकत होती. "म्हंजे मन्हामा एकच मणी चुकेल शे?"

"एकच. बाकी समदा बरोबर शेतस."

"मंग उसवी टाका आनि परत ओवा," ती म्हणाली आणि हसली. तिचे पुढचे दात जरा पुढं होते, हसली की लहान पोरीसारखी दिसायची.

अम्मा हसली नाही. पेटीवर हात ठेवून तिनं विचारलं, "कोन चुकनं? हाक देनारी का ओवनारी?"

मी म्हणाले, दोन्हीपैकी कुणीच नाही, नमुन्यातच तसं आहे. एक नमुना आईकडून येतो, एक बापाकडून. दोन्हीकडे तोच मणी चुकलेला आला की दुखणं येतं. अम्मानं पेटीचं झाकण खाली ओढलं. मग म्हणाली, "नमुना तं आमनाच." उठली, आपाचा तांब्या रिकामा नव्हता तरी तो घेऊन गेली, आणि ताजं पाणी भरून आणला.

आपाचं लग्न अक्कलकुव्याच्या सलीमभाईंशी झालं. ते शिलाईकाम करायचे. अब्बांनी त्यांच्यापासून काही लपवलं नाही, आणि सलीमभाई स्वतःहून जाऊन आपलं रक्त तपासून आले. त्यांचं साफ निघालं. मी त्यांना समजावून सांगितलं की मूल झालं तर त्याच्याकडे एक नमुना चुकीचा आणि एक बरोबर असेल, त्याला हे दुखणं व्हायचं नाही. ते म्हणाले, "तेवढं पुरे शे." दिवस गेल्यावर आपाला दोनदा दवाखान्यात ठेवावं लागलं, पण बाळंतपण दवाखान्यात सुखरूप झालं. मुलगी झाली. मी परीक्षेमुळे शहाद्यालाच होते. निरोप आला तेव्हा मामींनी साखर वाटली. दवाखान्यातून सोडताना तिथल्या बाईंनी अम्माला सांगितलं होतं, हिला चांगलं खाऊपिऊ घाला. अम्मानं मान डोलावली आणि लेकीला माहेरी, खापरला आणलं.

शेवटचा पेपर देऊन मी छठीला, म्हणजे बाळाच्या सहाव्या दिवशी घरी पोचले. होळी होऊन गेली होती आणि ऊन असं होतं की अंगणातल्या दगडावर पाय ठरत नव्हता. मधल्या खोलीचं दार बंद होतं, खिडकीला गोधडी लावलेली. बाळंतिणीची खोली. पुरुषांनी आत जायचं नसतं, म्हणून अब्बा ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला खडीसाखर देत होते, खुशीत होते. मी दार ढकललं तर आतून भट्टीसारखी वाफ आली. खाटेखाली निखाऱ्याची शेगडी, तिच्यावर ओवा आणि बाळंतशेप धुमसत होती. आपा कानाला फडकं बांधून दोन गोधड्यांत पडली होती. शेजारी परातीत डिंकाचे लाडू, वाटीत तुपानं थिजलेला हरीरा, बाळंतिणीची खीर. बाळ झोपलं होतं. उशाशी तांब्या नव्हता.

हा नियम आमच्याकडे सगळ्या घरांत होता, आमच्यात आणि पाटलांच्यातही. बाळंतिणीला पाणी तोडायचं. सव्वा महिना कच्चं पाणी नाही, उकळलेलं तेही चमच्यानं, ओव्याचं. पाणी दिलं की पोट सुटतं, वात भरतो, दूध पातळ होतं. प्रत्येक बाईनं हे आपल्या आईकडून ऐकलं आणि आपल्या लेकीवर केलं, आणि बहुतेक लेकी त्यातून तगल्याही, म्हणून नियम टिकला.

आपानं मला बघितलं. तिचे डोळे हळदीसारखे पिवळे होते आणि ओठांना चिरा पडलेल्या. "रोशन," ती म्हणाली, "मले तीस लागनी वं." तहानेनं जीभ ओठांवरून फिरवत होती, श्वास अर्धाच आत जात होता. छातीवर हात ठेवून म्हणाली, आठे दुखस.

मी माठाकडे धावले. तांब्या भरून आणला तर दारात अम्मा. तिनं माझं मनगट धरलं. "कच्चं पानी! याड लागनं का तुले? बायंतीननं अंग शे."

"अम्मा, तिन्हं दुखनं इसरनी का? पानी नई मियनं तं ती मरी जाई!"

"दुखनं येगयं, बायंतपन येगयं. मन्ही मायनी मले असंच ठेयेल व्हतं. तू कालेजमा शिकनी म्हनीसन आते बायंतपन शिकाडशी का मले?" हे ती रागानं म्हणाली नाही. नंतर कळलं की आपा कालपासून पाणी मागत होती, आणि अम्मा चमच्यानं ओव्याचं पाणी देत, तोंड फिरवून रडत होती. वर्षानुवर्षं जिनं न मागता पाणी पाजलं, ती आता मागूनही देत नव्हती, आणि दोन्ही वेळा कारण एकच होतं, लेक जगली पाहिजे.

मी हात सोडवून घेतला. अर्धं पाणी उंबऱ्यात सांडलं. उरलेलं मी आपाच्या ओठाला लावलं आणि ती ज्या आवाजानं प्यायली तो आवाज मी सांगू शकत नाही. ऐकून अब्बा रीत विसरून दारात आले. शेगडी त्यांनीच लाथेनं बाहेर ढकलली. गोधडी ओढून खिडकी उघडली, आणि उजेडात आपाचा रंग बघून तसेच अनवाणी जीप आणायला गेले.

अक्कलकुव्याला सलीमभाई गाडीत चढले. तिथल्या दवाखान्यात सलाईन लावलं, ऑक्सिजन लावला, पण डॉक्टर म्हणाले छातीत उतरलंय, रक्त भरावं लागेल, नंदुरबारला न्या. बाटली सलीमभाईंनी हातात उंच धरली. मी मागं आपाचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते, पुढं अम्मा बाळाला पदराखाली धरून. तळोदा मागं पडलं. दोन्ही बाजूंना उसाची हिरवी शेतं होती आणि पाटाला पाणी सुटलेलं. आपाची बोटं माझ्या हातात हलत होती, अंगठा आणि पहिलं बोट, सुई धरल्यासारखी. मी तिला काहीतरी बोलत होते, काय ते आठवत नाही. मग ती बोटं थांबली. सलीमभाईंनी बाटली खाली घेतली नाही. नंदुरबारच्या दवाखान्याच्या दारापर्यंत त्यांनी ती तशीच धरून ठेवली होती.

माती झाली त्या दुपारी बायका निघून गेल्यावर अम्मा मधल्या खोलीत गेली. मी तिच्याशी बोलत नव्हते. माझ्या मनात तेव्हा दुःखापेक्षा राग होता, आणि तो पुष्कळ वर्षं राहिला, ईदला सलाम करतानाही राहिला. ती खाटेच्या कडेला बसली. पोचा पडलेला तांब्या कुणीतरी फडताळात उपडा ठेवला होता, तो तिनं काढून मांडीवर घेतला. "आते सांग," ती म्हणाली, "कोन चुकनं?"

मी तिथून उठून गेले.

आज, तिच्या तेव्हाच्या वयापेक्षा कितीतरी म्हातारी झाल्यावर, मला वाटतं माझ्याजवळ तेव्हाही उत्तर नव्हतं. रायबोझोम विचार करत नाही, जशी हाक येईल तसा मणी ओवतो, आणि चूक असली तरी तेवढंच मन लावून ओवतो. अम्मा काही रायबोझोम नव्हती, विचार करणारी बाई होती. पण तिच्या आईची हाक फार जुनी होती, आणि माझी हाक नवी होती, आणि मधे आपा होती. वर्गात मुलं विचारायची, मॅडम, ही चूक दुरुस्त होते का? अलीकडे नवी औषधं आली आहेत, मोठ्या शहरांत नमुन्यापर्यंत पोचून काम करतात असं मी वाचलेलं, आणि तसं मुलांना सांगायचे. तास संपल्यावर मात्र थोडा वेळ खुर्चीतच बसून राहायचे.

अम्मानं त्यानंतर माळा केल्या नाहीत. हिरवी पेटी बंद झाली. डोंगरातल्या बाया दोनतीन होळ्या येत राहिल्या, मग बाजारातल्या तयार प्लास्टिकच्या माळा घ्यायला लागल्या. आपाची मुलगी मेहरून आमच्याकडेच वाढली, सलीमभाई दर आठवड्याला यायचे, त्यांनी दुसरं लग्न केलं नाही. मेहरूनचं रक्त मी स्वतः तपासून घेतलं. सांगितल्याप्रमाणे निघालं, एक नमुना बरोबर, एक चुकीचा. तिला काही त्रास नव्हता. मी अम्माला दहादा समजावलं की हिला तांब्याची गरज नाही. अम्मा हो म्हणायची आणि रोज पोरीच्या उशाशी तो पितळी तांब्या ठेवायची.

मेहरूनच्या लग्नाआधी नवऱ्या मुलाचंही रक्त तपासलं, ते साफ होतं. तिचं बाळंतपण खापरलाच झालं. मी रजा घेऊन गेले. अम्माला तेव्हा नीट दिसत नव्हतं, पाठ वाकलेली, पण मधल्या खोलीच्या दारात ती स्वतः खुर्ची घालून बसली, आणि दार कुणाला लावू दिलं नाही. शेजारच्या एक म्हाताऱ्या बाई कौतुकानं शेगडी घेऊन आल्या. अम्मानं त्यांना अंगणातूनच परत पाठवलं, आणि असं काही बोलली की त्या बाई पुढं आमच्याकडे आल्याच नाहीत. मग ती भिंत चाचपत खाटेपाशी गेली. तांब्यातून गिलासात ओतलं, बोट आत बुडवून भरला का ते बघितलं, आणि मेहरूनच्या तोंडापाशी धरला. मेहरून प्यायली. अम्मानं पुन्हा भरला. ती पुन्हा प्यायली. तिसऱ्यांदा भरला तेव्हा पोरगी हसायला लागली. आपाचेच दात. "नानी, बस वो. पोटमा जागा नई शे."

"पे, बेटा," अम्मा म्हणाली.

"नानी, खरंच तीस नई मले."

काठोकाठ भरलेल्या गिलासातलं पाणी अम्माच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होतं. तिनं गिलास मागं घेतला नाही. मेहरूननं एकदा माझ्याकडे बघितलं, आईचं काय झालं ते मीच तिला कधीतरी सांगितलेलं होतं, आणि मग दोन्ही हातांनी नानीचा हात धरून ती ते सगळं पाणी प्यायली.